आधी भाकर, मग उपदेश



'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण सहज बोलून जातो. मुलगा संध्याकाळी तासभर उशिरा आला, की घरच्यांच्या मनात नाही नाही ते येते. मग तो दारात दिसतो, आपण त्याच्यावर रागावतो आणि सगळे विसरून जातो. पण काही वेळा विचार असे सहजासहजी जात नाहीत. 'हे माझ्याच वाट्याला का?', 'आता काही चांगले होणार नाही', 'मी असलो काय, नसलो काय, कोणाला फरक पडतो?' अशी तीच ती वाक्ये मनात जात्यासारखी फिरत राहतात. दिवसा कामाच्या गडबडीत ती ऐकू येत नाहीत. रात्री दोन वाजता घर झोपलेले असते, तेव्हा मात्र जात्याची घरघर स्पष्ट ऐकू येते.

अशा विचारांतून बाहेर येण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धेने माणसाला काय दिले, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. मी मुसलमान. मग या विषयावर मी का बोलावे, असे काहींना वाटेल. एक तर माझे सारे आयुष्य नगरमध्ये गेले. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण माझ्या जिभेला जुने नावच सवयीचे आहे. या शहरात मशिदीतली अजान, मंदिरातली काकड आरती आणि चर्चची घंटा ऐकतच आम्ही मोठे झालो. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे बिऱ्हाड याच गावात होते. मराठीत कविता लिहिणाऱ्याला ते घर परके वाटणे शक्य नाही. ईसा अलैहिस्सलाम आम्हाला पैगंबर म्हणून वंदनीय आहेत. ख्रिस्ती बांधव त्यांना देवाचा पुत्र मानतात. हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसू पाहत नाही. पण शेजाऱ्याच्या घरातला दिवा आपल्याही अंगणात थोडा उजेड पाडतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरे कारण खासगी आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. त्याला शेवटचे पाहताही आले नाही. पुढचे कित्येक महिने माझी झोप उडाली, जेवण सुटले, वही उघडवेना. भेटायला येणारे लोक चांगले होते. पण एका नातलगाने सांगितले, 'तुझा ईमान कमजोर पडलाय. खऱ्या मोमीनाला असे विचार येत नाहीत.' तेव्हापासून दुःखाच्या जोडीला अपराधही आला. आधी फक्त भाऊ गेला होता. आता देवही रागावला आहे असे वाटू लागले.

आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती मावशी राहतात. आयुष्यभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्या एके दिवशी दुपारी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. मी म्हटले, 'मावशी, भूक नाही.' त्या म्हणाल्या, 'भुकेचं नंतर बघू. आधी दोन घास खा, भाऊ.' मी खाईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. धर्माचा एक शब्द बोलल्या नाहीत. आठवडाभर हा क्रम चालला. मग एक दिवस जाताना त्यांनी विचारले, 'रात्रीच्या प्रार्थनेत मी तुझं नाव घेते. चालेल ना तुला?' ज्यांनी परवानगी मागून माझ्यासाठी प्रार्थना केली, अशा त्या एकट्याच. मी म्हटले, 'मावशी, दुआला कोण नाही म्हणेल?' पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना विचारले, की त्या दिवसांत तुम्ही मला बायबलमधले काहीच कसे सांगितले नाही? त्या हसून म्हणाल्या, 'अरे, जे केलं ते बायबलमधलंच होतं. एलीयाची गोष्ट वाच.'

मी ती वाचली. बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात ती आहे. हा एलीया म्हणजे कुराणातले इल्यास पैगंबर. मोठा तेजस्वी माणूस. अहाब राजासमोर निर्भयपणे उभा राहणारा. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला आणि लगेच ईजबेल राणीने त्याला मारण्याची शपथ घेतली. कालचा हा वीर आज जीव घेऊन पळाला. बैर-शेबा गावी त्याने आपला चाकर मागे ठेवला, एकटाच दिवसभर रानात चालत गेला आणि एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागू लागला. आता पुरे झाले, मी माझ्या बापजाद्यांहून काही वेगळा नाही, असे त्याचे म्हणणे. एवढे बोलून तो झोपी गेला.

आता पुढे काय होते ते पाहा. देवदूत येतो. आपण असतो तर म्हटले असते, 'तू एवढा मोठा संदेष्टा, तुला हे शोभते का?' देवदूत तसे काही म्हणत नाही. तो त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवलेले असते. एलीया खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा खायलाच सांगतो. कारण वाट लांबची आहे. त्या भाकरीच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वतावर जातो. तिथे देव त्याला विचारतो, तू इथे काय करतोस? मग एलीया आपले सगळे गाऱ्हाणे सांगतो. सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव यांत कशातही नसतो. शेवटी एक अगदी मंद स्वर येतो. पुन्हा तोच प्रश्न, आणि एलीयाचे पुन्हा तेच गाऱ्हाणे, शब्दाला शब्द तेच. देव दोन्ही वेळा ते ऐकून घेतो. त्यानंतर त्याला तीन गोष्टी मिळतात. करायला काम मिळते. अलीशा नावाचा सोबती मिळतो. आणि त्याच्या मनातली एक खोटी गोष्ट दुरुस्त केली जाते. 'मी एकटाच उरलो' असे तो म्हणत होता; देव त्याला सांगतो, की तुझ्यासारखे सात हजार आहेत.

श्रोतेहो, या गोष्टीतला क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी अन्न, मग झोप, पुन्हा अन्न, मग प्रश्न, मग गाऱ्हाणे ऐकून घेणे आणि सर्वांत शेवटी उपदेश. तोही अगदी थोडा. आपण नेमके उलटे करतो. उपदेश आधी देतो आणि भाकरीचा विषय काढतच नाही.

ही गोष्ट वाचताना मला कुराणातला मरियमचा प्रसंग आठवला. प्रसूतीच्या कळांनी हैराण झालेली ती एकटी स्त्री खजुराच्या बुंध्याशी येते आणि म्हणते, की याआधीच मी मेले असते तर बरे झाले असते. तिलाही कोणी रागे भरत नाही. पायाशी झरा आहे, झाड हलव, पिकले खजूर पडतील. खा, पी आणि डोळे निववून घे, असे तिला सांगण्यात येते. ज्या दोघांनी मरण मागितले, त्या दोघांनाही आधी खायला मिळाले. मला 'ईमान कमजोर' म्हणणाऱ्या नातलगाने हा सूरा माझ्याहून अधिक वेळा वाचला असेल. कधी कधी रोजच्या पाठातले वाक्य ऐकू येण्यासाठी शेजाऱ्याच्या घरात जावे लागते.

पण ख्रिस्ती परंपरा एवढ्यावर थांबली नाही. मनात विचार येतात तरी कसे, याचा त्या परंपरेने फार पूर्वी बारकाईने अभ्यास केला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे अनेक ख्रिस्ती साधू होते. त्यांत इव्हाग्रियस नावाचा एक विद्वान होता. ३९९ मध्ये तो वारला. माणसाला छळणाऱ्या विचारांचे त्याने आठ प्रकार सांगितले. त्यांत खादाडपणा, लोभ, राग, गर्व आहेत, तसे दुःखही आहे आणि 'जीव न लागणे' हेही आहे. या शेवटच्या विचाराचे त्याने केलेले वर्णन वाचताना हसूही येते आणि धसकाही बसतो. भर दुपारी साधूला वाटते, की सूर्य जागचा हलतच नाही. तो पुन्हा पुन्हा खिडकीतून बाहेर पाहतो. कोणी भेटायला येईल का म्हणून वाट बघतो. ही जागा वाईट, हे काम वाईट, इथल्या लोकांत माया उरली नाही, असे त्याला वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या कुठल्याही सदनिकेतल्या दुपारला लागू पडेल.

इव्हाग्रियसचे एक म्हणणे मला फार मोलाचे वाटते. विचार मनात यावेत की न यावेत, हे आपल्या हातात नाही. ते मनात मुक्काम करतील की नाही, हे मात्र काही अंशी आपल्या हातात आहे. म्हणजे वाईट विचार येणे हे पाप ठरत नाही. पाहुणा न सांगता आला, तर तो यजमानाचा दोष कसा? आलेल्या विचाराला ओळखायचे, त्याचे नाव घ्यायचे आणि त्याला उत्तर द्यायचे, ही त्याची रीत होती. अशा उत्तरांसाठी त्याने बायबलमधल्या जवळजवळ पाचशे वचनांचा संग्रहच केला होता. कोणत्या विचाराला कोणते वचन, अशी त्याची मांडणी. औषधाच्या पेटीसारखी.

बायबलमधल्या स्तोत्रांचेही तसेच आहे. एकूण दीडशे स्तोत्रे. आपल्याला वाटते, स्तोत्र म्हणजे स्तुती. पण त्यांतली कितीतरी चक्क तक्रारी आहेत. तू मला विसरलास का, तोंड का फिरवलेस, किती दिवस वाट पाहू, असे देवाला विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारावरच संपते. शेवटी समाधानाची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र ग्रंथात आहे. कवी म्हणून मला याचा मोठा दिलासा वाटतो. काळोख देवापुढे मांडायला हरकत नाही, हे ज्या ग्रंथाने मान्य केले, तो माणसाला ओळखतो. आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी जो येशू आहे, तोही गेथशेमानेच्या बागेत त्या शेवटच्या रात्री व्याकूळ झाला होता. हा प्याला टळला तर बरे, अशी प्रार्थना त्याने केली. मित्रांना जागे राहायला सांगितले आणि ते झोपी गेले. रात्री दोन वाजता जागा असलेला ख्रिस्ती माणूस ज्याची प्रार्थना करतो, त्याने स्वतः अशी रात्र काढलेली आहे. या श्रद्धेचे बळ मला यात दिसते.

मग श्रद्धा ठेवली, की वाईट विचार कायमचे जातात का? याचे प्रामाणिक उत्तर विल्यम कूपर या इंग्रज कवीच्या आयुष्यात आहे. बी.ए.ला असताना त्याचे नाव पहिल्यांदा ऐकले; त्याचे आयुष्य पुष्कळ पुढे समजले. १७३१ मध्ये जन्मलेला हा अतिशय हळवा माणूस. १७६३ मध्ये नोकरीच्या एका परीक्षेच्या धास्तीने त्याचे मन कोलमडले आणि त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट अल्बन्स गावी डॉक्टर नॅथानियल कॉटन यांच्या रुग्णालयात त्याला ठेवले. तिथेच एके दिवशी बायबल वाचताना, आपल्याला क्षमा मिळाली आहे, असे त्याला मनापासून वाटले. म्हणजे त्याला श्रद्धा गवसली ती डॉक्टरच्या छपराखाली. औषध आणि प्रार्थना यांत भांडण लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे ओल्नी गावात जॉन न्यूटन या धर्मगुरूंशी त्याची मैत्री झाली. न्यूटन पूर्वी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. त्या दोघांनी लिहिलेला भक्तिगीतांचा संग्रह १७७९ मध्ये निघाला आणि त्यातली काही गीते जगभर गेली. पण त्यापूर्वीच, १७७३ मध्ये, कूपरचा आजार उलटला होता. देवाने आपल्याला टाकून दिले आहे, असे त्याला वाटू लागले आणि ही समजूत पुढे त्याच्या मनातून पुरती कधीच गेली नाही. न्यूटन यांनी त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरात ठेवून घेतले. मेरी अन्विन या बाईंनी वर्षानुवर्षे त्याची सेवा केली. कूपरने ससे पाळले, सुतारकाम केले, बाग केली, होमरच्या महाकाव्यांचे भाषांतर केले, गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या. १८०० मध्ये तो वारला, तोही मनातला काळोख घेऊनच.

मग त्याची श्रद्धा फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. १७६३ मध्ये मरू पाहणारा माणूस आणखी सदतीस वर्षे जगला, कामाची माणसे करतात त्याहून जास्त काम करून गेला. त्याची स्वतःची श्रद्धा थकली, तेव्हा त्याच्या भोवतीच्या माणसांच्या श्रद्धेने त्याला सांभाळले. देवावरचा विश्वास हा कधी कधी एकट्याला पेलत नाही. तो चार खांद्यांवर वाहून न्यावा लागतो.

आता आपल्या मातीतले, आपल्या भाषेतले उदाहरण. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले असेल त्यांना त्यांच्या वडिलांचे सोवळे आठवेल. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली. त्या प्रसंगापासून वडिलांच्या मनाने विटाळाची अशी धास्ती घेतली, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घरात यायचे. मीठ धुतले तर उरणार काय? पण भीतीला हिशेब कळत नाही. एका माणसाच्या मनातली भीती साऱ्या घराचा कायदा झाली आणि मुलीच्याही मनात उतरली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी तुटलेला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर याहून मोठे संकट कोणते? जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. नंतर त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या श्रद्धेसाठी नव्हे, संसारासाठी. आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही.

मग एका रात्री त्या जाग्या राहून विचार करू लागल्या. जाती कोणी केल्या? देवाने केल्या असत्या, तर त्याने माणसांत तशी खूण ठेवली असती. म्हणजे हे माणसांचेच काम. लहानपणापासून मनात बसलेल्या भीतीला त्यांनी असे समोरासमोर उत्तर दिले. इजिप्तमधल्या त्या साधूचे नावही त्यांना ठाऊक नसेल. पण रीत तीच. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमाराच्या दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या घरात आली आणि त्या त्यांच्याही आई झाल्या. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी कोणत्याही जातीच्या पोराचे नाक पुसू लागली. श्रद्धेने मन बदलते म्हणजे काय होते, हे यापेक्षा सोपे करून मला सांगता येणार नाही.

१९१९ मध्ये टिळक गेले. पण लक्ष्मीबाई अंधारात बसून राहिल्या नाहीत. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे लिहायला घेतले. १९३४ मध्ये 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकात दुःख पानोपानी आहे आणि हसू त्याहून जास्त आहे. त्या दुःख लपवत नाहीत, पण त्याला डोक्यावरही बसू देत नाहीत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईकडून मी मराठी गद्य शिकलो.

एलीया, कूपर आणि लक्ष्मीबाई. एकाचा काळोख काही दिवसांचा, एकाचा जन्मभराचा, एकीचा वारशाने आलेला. तिघांच्या गोष्टीत मला एकच सूत्र दिसते. वाईट विचारांचा सर्वांत मोठा डाव असतो तो माणसाला एकटे पाडण्याचा. ख्रिस्ती श्रद्धा जिथे खरी असते, तिथे ती पहिला घाव या एकटेपणावर घालते. कधी भाकरीने, कधी मित्राच्या घरातल्या खोलीने, कधी दारात आलेल्या अनाथ पोराने. आणि जिथे ती 'तुझा विश्वास कमी पडला' असे म्हणून मोकळी होते, तिथे ती, इतर कुठल्याही धर्माप्रमाणेच, काळोखात भर घालते.

म्हणून श्रोतेहो, दोनच विनंत्या. तुमच्या मनात असे विचार वारंवार येत असतील, झोप आणि भूक गेली असेल, तर तो तुमच्या श्रद्धेचा पराभव समजू नका. घरातल्या एका तरी माणसाजवळ बोला आणि डॉक्टरांकडे जा. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न देता बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. आणि तुमच्या शेजारी, नात्यात असे कोणी असेल, तर त्याला लगेच शहाणपण सांगायला जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याने तेच गाऱ्हाणे दुसऱ्यांदा सांगितले, तर दुसऱ्यांदा ऐका. जेवला का, झोपला का, एवढे विचारा. एलीयाला सात हजार सोबती आहेत हे सांगायला देवाने चाळीस दिवस थांबणे पत्करले. आपण निदान एक जेवण होईपर्यंत तरी थांबावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)